ज्ञानूनानांची एकुलती एक कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्याबद्दल फक्त चांगलं ऐकायचं असेल, तर इथेच थांबा.

१९९८ साली कसबा बावड्याच्या अक्षताने मला जुन्या बाजारातून घेतलं. यादवी युद्धांतल्या बंडखोर संघटना हा तिच्या पीएचडीचा विषय. कोल्हापुरात बसून कसलं बंड शोधतेस, असं लोक तिला चिडवायचे. ती मला पिशवीत घालून एसटीत बसायची आणि श्रीलंकेच्या यादवीत आपल्या फौजेतून गेलेल्या माणसांना बोलतं करायची. माझा आवाज स्वच्छ म्हणून ती कौतुक करायची आणि मी फुशारून जायचो.

गडहिंग्लजजवळच्या ज्ञानूनानांनी दहा वर्षं तोंड उघडलं नव्हतं. अक्षताने रेकॉर्डिंगसाठी माझी दोन बटणं एकदम दाबली, तेव्हा ते म्हणाले, "एकदाच सांगतो, पोरी. परत इचारू नगंस." ते जखमी होऊन बंडखोरांच्या हाती सापडले होते. पहाऱ्यावर तेरा वर्षांची मुलगी, हातात बंदूक. नानांची कानडी आणि तिची तमिळ जेवढी जुळली तेवढ्यात तिने सांगितलं, की तिला शाळेतून उचलून आणलंय. मग तिने मुद्दाम पाठ फिरवली आणि नाना निसटले. तिचं पुढे त्या लोकांनी काय केलं असेल, म्हणत नाना रडले. तिचं नावही त्यांनी सांगितलं.

पंधरवड्यात नाना गेले. टेप कागदावर उतरवायची राहिली होती. तरी त्यांच्या पत्नीला, झुंबरबाईंना, आवाज ऐकवायला अक्षता मला घेऊन गेली. बाईंना मोकळेपणी रडता यावं म्हणून मला चालू करून ती अंगणात जाऊन बसली.

नाना बंडखोरांच्या हाती सापडले इथवर ऐकून बाईंनी मला थांबवलं. नाना बोलायला लागण्याआधी अक्षताने कोणती दोन बटणं दाबली, एवढं त्यांनी चहा ठेवायला आत जाताना पाहिलं होतं. उत्तर द्यायला त्यांनी तीच दाबली. "आवं, येवढं सोसलासा, आन् मला का न्हाय सांगितलासा?"

त्या अर्धा तास बोलल्या. कॅसेटच्या पाठची बारीक पट्टी तोडली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. कॅसेट पुन्हा वापरता यावी म्हणून काटकसरी अक्षताने ती तोडलीच नव्हती. मला ओरडता येत नव्हतं. बाईंचा एकेक शब्द धरत मी नानांचा एकेक शब्द पुसत गेलो.

अक्षताने आत येऊन टेप लावली, तर नानांच्या जागी बाईंचाच आवाज आला. तिने मला बंद केलं. बाईंनी विचारलं, "त्यांस्नी ऐकू गेलं असंल न्हवं?"

"व्हय," अक्षता म्हणाली.

पुराव्याविना नानांची हकिकत प्रबंधातून गळली. मित्रांनो, ऐकलेलं त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि ती पट्टी आधी तोडा. त्या मुलीचं नाव अक्षता आजही आठवून पाहते. ते माझ्यातूनच गेलं, आणि मलाही आठवत नाही.