झाकणाचा आवाज

ते २००९ साल. आमच्या छोट्या गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा सारखा लागायचा. धाकट्या दिराचं गॅरेज होतं. त्याने बिघाड शोधायचं यंत्र जोडलं की ते दरवेळी एकच दाखवायचं, पेट्रोलच्या टाकीतून वाफ गळते आहे. त्याने नळ्या तपासल्या, टाकीचं झाकण नवं बसवलं. दिवा विझायचा आणि पेट्रोल भरून आलं की परत लागायचा.

"गाडी तुझ्यावर गेलीय, दादा," दीर म्हणाला. "सतत कुरकुर."

"माझ्यावर गेली असती तर तुझ्या दारात आली नसती," हे म्हणाले. डॉक्टरकडे जायचं नाव ते कधी काढत नसत.

पंपावर पेट्रोल भरून झालं की झाकण हेच लावायचे, तिथल्या पोरांवर सोडत नसत. म्हणून दीर म्हणाला, "माझ्यासमोर झाकण लाव बघू."

झाकण घट्ट बसलं की कट्‌कन वाजतं. यांनी फिरवलं, ओठ दाबून पुन्हा फिरवलं. आवाज आला नाही. मी हात लावला तर सहज वाजलं.

दिराचं हसू मावळलं. त्याने आपली बोटं यांच्या हातात दिली. "आवळ, दादा. अजून." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, गाडीत काही बिघाड नाही."

हातातली ती शक्ती परत आली नाही. दुखणं हातातून पायांत, मग श्वासापर्यंत गेलं आणि पुढच्याच वर्षी हे गेले. दीर आता थकलाय, गॅरेज त्याची मुलगी बघते. गाडीही तीच चालवते. पंपावर ती झाकण लावायला उतरली की मी काच खाली घेते आणि झाकण वाजेपर्यंत थांबते.