डावा अंगठा हजर होता

मी हजेरीचा डबा बोलतोय. कारखान्यानं दिलेलं माझं नाव पाठीवर चिकटवलेलं आहे, पण पाठ भिंतीला टेकलेली, त्यामुळे ते कुणी वाचलं नाही. कचेरीत सगळे डबाच म्हणतात. मला डोळे नाहीत. अंगठा ठेवायला एक काच आहे, ऐकू बरं येतं, आणि बोलायला दोनच वाक्यं दिली आहेत: ‘ओळख पटली, धन्यवाद’ आणि ‘ओळख पटली नाही, पुन्हा प्रयत्न करा’. एवढ्यावर माणसं ओळखायची म्हणजे काय गोंधळ होतो, ते तुम्हाला सांगतो. मला स्वतःला तो अजून पुरता उलगडलेला नाही, हे आधीच कबूल करतो.

कारखान्यात एका तपासनिसानं माझ्या काचेवर शंभर वेळा स्वतःचा अंगठा ठेवला आणि मी शंभर वेळा त्याला बरोबर ओळखलं. ‘हा चुकायचा नाही,’ असं तो शेजारच्याला म्हणाला. मी ते फारच मनावर घेतलं.

तिथून मला खोक्यात घालून या नगरपालिकेच्या कचेरीत आणलं आणि जिन्याखालच्या भिंतीवर ठोकलं. माझ्याआधी तिथे टेबलावर हजेरीची वही असायची. तिची आठवण काढून लोक रोज उसासे टाकत. ‘वही बरी होती बुवा, तिला सव्वादहाला पावणेदहा म्हटलं तरी चालायचं,’ असं कर विभागातले कारकून म्हणायचे. वेळेचा असा दोन्हीकडून उपयोग होतो, हे मला नवीनच होतं.

पहिल्या दिवशी सगळ्यांचे अंगठे नोंदवायचे होते. आस्थापनेच्या मोठ्या बाई यादी घेऊन माझ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. ‘ज्याचा अंगठा आज नाही, त्याचं नाव उद्या यादीत नाही. साहेबांनी बजावलंय.’ मग काय, रांग लागली. टपाल पाहणाऱ्या बाईंचा अंगठा डिंकानं चिकट, कारकुनांचा शिक्क्याच्या शाईनं ओला. शिपाईकाकांचा खडबडीत होता, पण ऊबदार. दुपारपर्यंत यादीतलं एकच नाव उरलं, पाणीवाल्याचं.

‘तो कसा येणार?’ शिपाईकाका म्हणाले. ‘टाकीवर आहे. सकाळी सहापासून एकेक आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. मध्येच सोडून आला तर वरच्या आळीला पाणीच चढायचं नाही.’

‘मग मी काय करू, काका? नऊ वर्षं तो रोजंदारीवर आहे. नवा नियम तुम्हीच ऐकलात. डब्यावर सलग तीनशे दिवस भरले, एकही खाडा नाही, तर कायम. आणि अंगठा लावायची वेळ पावणेदहा. नावच नसेल तर कायम कुठून होणार?’

डोक्यावरचा पंखा तेवढा कुरकुरत होता.

‘माझा उजवा घेतलात,’ काका म्हणाले. ‘डावा मोकळाच आहे.’

‘भलतंच काय बोलताय.’

‘नाव तर चढू दे. पुढच्या आठवड्यात तो सवडीनं येईल, तेव्हा बदलू.’

बाईंची खुर्ची सरकली. कपाट उघडल्याचा आवाज आला आणि त्या बराच वेळ कसली तरी फाईल शोधत राहिल्या. तेवढ्यात माझ्यावर एक अंगठा टेकला. मी म्हणालो, ओळख पटली, धन्यवाद. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात फाईल नसावी, कारण टेबलावर काही आपटलं नाही.

तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही. नोंदवलेला अंगठा बदलायचा तर साहेबांची सही लागते, असं मागाहून कळलं. सही मागायची तर कारण सांगायला हवं, आणि ते सांगायची कुणाची छाती होईना.

आता माझी पंचाईत बघा. रोज पावणेदहाला आधी शिपाईकाकांचा अंगठा यायचा आणि लगेच पाणीवाल्याचा. दोघांची ऊब सारखी. खोकला तर अगदी एकच. माझ्या नोंदीत ही माणसं दोन होती, म्हणून मी समजायचो, जुळे भाऊ असतील. एकदा टपालाचं पुडकं सोडताना सुतळीनं डावा अंगठा कापला. तेव्हा काका पट्टी काढून, कण्हत, तीन वेळा तो टेकवत राहिले. तिसऱ्यांदा मी कसाबसा ओळखला. ‘चल रे बाबा, तुझीही लागली,’ असं ते हळूच कुणाला तरी म्हणाले. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

कधीकधी दुपारी ओल्या चपलांचा फटकफटक आवाज यायचा आणि एक दमलेला माणूस विचारायचा, ‘काका, लागली का?’

‘लागली.’

‘मला हे बरं वाटत नाही, काका.’

‘मग उद्या पाणी बंद ठेव आणि इथे ये.’

यावर तो टाकीकडे परत निघायचा. एकदा मात्र म्हणाला, ‘शाळेत पोरीला विचारलं, वडील काय करतात. तर ती म्हणाली, तात्पुरते आहेत.’ काका हसले नाहीत. मीही काही बोललो नाही, माझ्याकडे तसं वाक्यच नव्हतं.

दोनशे एकोणनव्वदाव्या दिवशी शिपाईकाका निवृत्त झाले. हार घातल्याच्या टाळ्या मी ऐकल्या. त्यांचा उजवा अंगठा माझ्यातून काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला डावा एकटाच आला. मी गोंधळून गेलो. भाऊ घरी बसला तरी हा का येतो, आणि याला भावाचाच खोकला कसा?

‘काका, घरी करमत नाही वाटतं?’ लोक चिडवायचे.

‘नाही करमत,’ काका म्हणायचे आणि पुटपुटत मोजायचे. दहा राहिले. नऊ राहिले.

तीनशेव्या दिवशी साहेब खाली आले. ‘पाणीवाल्याला बोलवा. शेवटचा अंगठा त्यानं सगळ्यांसमोर लावावा. कायमचा कागद मी आणलाय.’ निरोप टाकीवर गेला. ओल्या चपला घाईघाईनं आल्या. माझ्यावर एक अंगठा टेकला. गार, पाण्यानं सुरकुतलेला, जाड कातडीचा. मी जन्मात कधी त्याला भेटलो नव्हतो.

ओळख पटली नाही, मी म्हणालो. त्यानं सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवला. ओळख पटली नाही. तिसऱ्यांदाही तेच. मी चुकलो नव्हतो, याची आजही शपथ घेईन. तरी त्या दिवशी मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

‘रोज कोण लावत होतं?’ साहेबांनी विचारलं.

‘मी, साहेब,’ शिपाईकाका म्हणाले. ‘डावा.’

‘आणि हा कुठे असायचा?’

‘पाण्यावर,’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘रोज. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं मी.’

‘पाणी येत होतं हे मलाही माहीत आहे, बाई. माझ्याही घरी नळ आहे.’ साहेबांचा आवाज खाली गेला. ‘पण या डब्यात हा माणूस एक दिवससुद्धा हजर नाही. मी सही कशावर करू?’

त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातल्याचं मी ऐकलं. डावा अंगठा पुसून टाकायचा, खऱ्या माणसाचा नोंदवायचा आणि दिवस नव्यानं मोजायचे, असं ठरलं. बाई म्हणाल्या, ‘मग हा डबाच टाकीवर न्या. माणूस इथे येऊ शकत नाही, तर हा तिकडे जाऊ दे.’ एवढी साधी गोष्ट तीनशे दिवस कुणाला सुचली नव्हती. मला तर सुचणं शक्यच नव्हतं.

‘म्हणजे पहिल्यापासून?’ पाणीवाल्यानं विचारलं.

‘पहिल्यापासून,’ साहेब म्हणाले.

‘बरं.’ ओल्या चपला वळल्या. ‘खालच्या आळीचं पाणी सोडायचं राहिलंय. जाऊ का?’

तेव्हापासून मी टाकीच्या खोलीत आहे. कचेरीला दुसरा डबा आणला म्हणतात. इथे दिवसभर नळातून पाणी घुमतं आणि भिंतीला ओल आहे. रोज सहाला पाणीवाल्याचा गार अंगठा येतो. शिपाईकाकाही येतात, कोरडा पंचा घेऊन. आधी ते त्याचा अंगठा पुसतात, मग माझी काच. एकदा पाणीवाला व्हॉल्व्हकडे गेला असताना काकांनी गुपचूप स्वतःचा डावा अंगठा माझ्यावर टेकवून पाहिला. ओळख पटली नाही, असं मला म्हणावंच लागलं. ‘शहाणा झालास,’ काका म्हणाले आणि पंचा वाळत घालायला बाहेर गेले.

आज एकशे चौऱ्याऐंशीवा दिवस. एकशे सोळा राहिलेत, आता मीही मोजतो. पण हल्ली ओल माझ्या आत शिरली आहे. काल त्याचा अंगठा समोर असून मला दोनदा ओळखता आला नाही, आणि त्या वेळी चूक माझी होती. तिसऱ्यांदा जमलं तोवर काका माझी काच पुसतच होते. मी एक दिवस जरी बंद पडलो, तरी तो त्याचाच खाडा धरतील आणि हा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करील. कचेरीतून कुणी इकडे येणार असेल तर माझी एक विनंती तेवढी पोचवा. भिंतीवरून मला दोन बोटं पुढे घ्या आणि मागे एक कोरडी फळी ठोका.