डावी रेघ

हौसाच्या पोटात दुखायला लागलं ते कमळाकरच्या एका वाक्याने. कमळाकर म्हणजे रोह्याच्या एका गणेश मंडळाचा अध्यक्ष. गेली बावीस वर्षं त्याच्या मंडळाची मूर्ती पेणजवळच्या जोह्याला हौसाच्या कारखान्यात घडायची आणि तिचे डोळे हौसाच आखायची. यंदा आषाढात तो आला, मूर्तीभोवती फिरला, चहा प्यायला आणि जाता जाता म्हणाला, "डोळे मात्र सूनबाईंच्या हातचे पायजेत हां, वहिनी. मंडळातल्या सगळ्यांनी सांगितलंय."

हौसा हसली. गिऱ्हाइकासमोर तोंड वाकडं करून चालत नाही, एवढं साठीच्या उंबरठ्यावर तिला कळत होतं. पण त्याची गाडी वळणाआड गेली आणि तिने कप असा आपटला की कपाचा कान तिच्या हातात आला.

जोह्यात घरटी एक कारखाना. साचे भरणारे पुष्कळ, पॉलिश पेपरने घासणारे पुष्कळ, रंग मारणारे त्याहून पुष्कळ. डोळ्यांची आखणी करणारे मात्र मोजून चार-पाच, आणि त्यांत हौसाचं नाव पहिलं. आखायला बसली की ती सगळ्यांना बाहेर काढायची. नवरा होता तेव्हा त्यालाही. दार लावून घ्यायची आणि तासाभराने उघडायची, तेव्हा मूर्ती बघत असायची. तिची सासू बायजा हीसुद्धा अशीच दार लावून बसायची. हौसाने ताडपत्रीच्या फटीतून दोन पावसाळे चोरून बघितलं होतं, त्यातून तिचा हात तयार झाला. म्हणून मुलाची, रितेशची बायको ऋतुजा लग्न होऊन घरात आली आणि पहिल्याच महिन्यात भाबडेपणाने म्हणाली, "आई, मला आखणी शिकवाल?" तेव्हा हौसाने ठणकावून सांगितलं होतं, "मी शिकवणार नाय. मलापण कोणी शिकवलं नाय. धमक असंल तर चोर."

ऋतुजाने पॉलिश पेपर उचलला. दोन वर्षं तिने नुसतं घासकाम केलं. तिसऱ्या वर्षी एका फुटाच्या मूर्तीचे डोळे आखले, चौथ्या वर्षी तीन फुटांच्या, आणि आता पाचव्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष येऊन सूनबाईंचे डोळे मागत होता.

हौसाने सुनेच्या मूर्ती निरखून निरखून पाहिल्या होत्या. चूक शोधणाऱ्याला चूक सापडतेच. ऋतुजाच्या आखणीत डाव्या डोळ्याची बाहेरची रेघ शेवटी किंचित वर जायची. उजवी सरळ, डावी वर. हौसाला एवढा आनंद झाला की तो तिने शेजारणींमध्ये वाटला. "डावा डोळा बघा गो तिचा, तिरका पडतो. कसली आलीय आखणी!" शेजारणी माना डोलवायच्या आणि घरी जाऊन म्हणायच्या, म्हातारी जळते. खरंच जळत होती. का जळू नये? तीस वर्षं जो पाट आपला, त्यावर कालची पोर येऊन बसते, आणि आपण तिला रंगाच्या वाट्या धुऊन द्यायच्या?

शिवाय हौसाचा उजवा हात दोन-तीन वर्षांपासून थरथरत होता. फार नाही, ब्रश टेकवताना जरासा. ती कधी ब्रशला नावं ठेवायची, कधी उजेडाला. घरात कोणाला कळलेलं नाही, असं तिला वाटत होतं.

आणि एक गोष्ट तिला रोज टोचायची. आखायला बसण्याआधी ऋतुजा पंधरा मिनिटं मोबाइल घेऊन मागच्या पडवीत जायची. मान खाली, डोळे स्क्रीनला चिकटलेले, उजव्या हाताची बोटं हवेत हलायची. हौसा जवळ गेली की मोबाइल पालथा. एकदा हौसाने तो हळूच उचलून पाहिला तर कुलूप. आधी बोट मागितलं, मग नंबर मागितला. घरात कपाटाला कुलूप नाही, तांदळाच्या कणगीला नाही, आणि हिच्या मोबाइलला कुलूप! हौसाने मनाशी पक्कं ठरवलं की सुनेचा हात वगैरे काही नाही, सगळी करामत त्या डबीत आहे. कुठल्या तरी बड्या कारागिराची आखणी त्यात बघून ही उतरवते आणि नाव मिरवते.

संधी चालून आली ती ऋतुजाच्याच हाताने. मोबाइल चार्ज होईना. हौसा त्या दिवशी रोह्याला लेकीकडे, भाविकाकडे, निघाली होती. ऋतुजा म्हणाली, "आई, भाविकाताईंच्या घराखाली ते आदेशचं मोबाइलचं दुकान हाय ना, तिथे चार्जिंगची पिन बदलून आणाल? पेणला टाकला तर चार दिवस लावतात, आणि कमळाकरभाऊंची मूर्ती परवा आखायचीय."

"आणीन की," हौसा म्हणाली, आणि मोबाइल पदराच्या टोकात बांधून घेतला. लॉकचा नंबर सुनेने सांगितला नाही, हे तिने बरोबर टिपलं.

जोह्याहून पेण, पेणहून रोह्याची एसटी. नागोठण्यापर्यंत तिने खिडकीतून बाहेर बघितलं नाही. पदरातली गाठ चाचपत बसली. रोह्याला उतरल्यावर आधी लेकीकडे न जाता ती सरळ दुकानात शिरली.

आदेश तिशीचा, चष्मेवाला, तोंडाने गोड. पिन त्याने अर्ध्या तासात बदलली आणि मोबाइल चालू करून समोर ठेवला. "घ्या मावशी, झाला."

"जरा उघडून दे," हौसा म्हणाली. "लॉक लागलाय."

"नंबर टाका की."

"इसरले."

"बोट लावा मग. तुमचाच हाय ना मोबाइल?"

"माझाच हाय तर," हौसा म्हणाली आणि बोट टेकवलं. मोबाइल थरथरला आणि नाही म्हणाला. दुसरं बोट, तिसरं बोट, अंगठा. आदेशने तिचा हात पालथा-उलथा करून पाहिला. चाळीस वर्षं पॉलिश पेपर धरून बोटांच्या पेरांवरच्या रेषा पार पुसल्या होत्या. "जोह्याच्या तुम्ही," तो हसला. "कारखान्यातल्या बायांची बोटं लागतच नाय कुठे. माझ्या मावशीला रेशनवरपण हाच ताप. चोरी करा तुम्ही, पोलिसांनापण ठसा मिळायचा नाय."

तिचं खोटं असं तिच्या बोटांनीच खरं करून दिलं. मग तिने नंबर टाकून बघितले. रितेशची जन्मतारीख, लग्नाची तारीख, एक-दोन-तीन-चार. हात थरथरून दोनदा भलतंच बटण दाबलं गेलं. पाचव्यांदा मोबाइल म्हणाला, थांबा. थांबून पुन्हा टाकलं, तर आणखी जास्त वेळ थांबा.

"तू उघड ना रे," ती कळवळून म्हणाली. "तुझा तर धंदाच हाय."

"मावशी, माझा धंदा काच, बॅटरी आणि पिनचा. हे कुलूप माझ्याच्याने उघडत नाय. कंपनीत पाठवलात तरी ते आतलं काढून देणार नायत. एकच करता येतं, सगळं पुसून टाकायचं. मोबाइल नवाकोरा होईल, पण आतले फोटो, व्हिडिओ, काय असंल ते गेलं. परत आणायची सोय नाय. आणि पुसल्यावरपण पहिलाच ईमेल मागंल."

"ईमेल घरी सून घालील." हौसा स्टुलावर बसून राहिली. समोर ती काळी काच, तिच्यात स्वतःचंच तोंड. त्या काचेमागे कोणाची तरी सुंदर आखणी होती, सुनेला दिसत होती आणि तिला दिसणार नव्हती. तेवढ्यासाठी ती इथवर आली आणि हात हलवत परत जायचं? परवा दिवशी कमळाकरच्या मूर्तीसमोर ऋतुजा बसणार आणि आपण वाट्या धुणार. मग तिच्या मनात आलं, आतलं गेलं तर काय होईल? काय होईल! सून ब्रश घेऊन बसेल आणि हात चालायचा नाही. मग शेवटी कोणाला बोलावतील?

"पूस," ती म्हणाली.

"नक्की ना? आत कोणाचं काय आठवणीचं असलं तर?"

"माझ्या मोबाइलात मला ठाऊक नाय काय हाय ते? पूस म्हटलं ना."

परतीच्या एसटीत ती नागोठण्याच्या आधीच झोपली. लेकीकडे जायचं राहून गेलं, ते तिला पेणला उतरल्यावर आठवलं.

ऋतुजाने मोबाइल चालू केला तेव्हा कारखान्यात तिघंच होते. रितेश मुकुटांना सोनेरी रंग देत होता. मोबाइलने भाषा विचारली. ऋतुजा बघतच राहिली. "हे असं का दिसतंय?"

"पिन बदलताना गेलं म्हणाला सगळं," हौसाने एसटीत ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं. "होतं म्हणे असं."

ऋतुजाने ईमेल टाकला. नंबर आले, नावं आली. गॅलरी रिकामी. ती खाली बसली, रंगांच्या डब्यांना टेकून, आणि हमसून रडायला लागली. रितेश ब्रश टाकून धावला. "अगं फोटोच ना? लग्नाचे माझ्याकडे हायत."

"फोटो नाय हो. व्हिडिओ. जागा भरली म्हणून बॅकअप बंद केलेला मी." ती सासूकडे न बघता बोलत होती. "आईंच्या हाताचे होते. पहिल्या दोन वर्षांतले. आई दार लावायच्या, त्याच्या आधी मी मोबाइल तिथे फळीवर, डब्यांच्या मध्ये लावून ठेवायची. एकोणीस व्हिडिओ होते. ब्रश कसा धरतात, श्वास कधी रोखतात, सगळं. रोज बघायची, मग बसायची."

हौसाने हातातली वाटी खाली ठेवली.

"तुम्हीच म्हणालात ना आई, धमक असंल तर चोर. चोरलं. तुम्हाला कळलं तर मारून टाकाल म्हणून लॉक लावला." ऋतुजाने नाक पुसलं. "आता तुमचा हात थरथरतो. तेव्हाचा हात परत कुठून आणू मी? कमळाकरभाऊपण तेच म्हणाले मला. म्हणाले, वहिनींचे पूर्वी असायचे ना, तसे डोळे आता तुझ्याच हातून येतात."

म्हणजे हात थरथरतो हे सगळ्यांना माहीत होतं. मंडळालासुद्धा.

हौसाने मान वळवून सुनेने आखलेल्या मूर्तींच्या रांगेकडे पाहिलं. बारा मूर्ती, बारा डावे डोळे, आणि प्रत्येकाची बाहेरची रेघ शेवटी किंचित वर. जिच्यावर ती महिनाभर हसली होती, गावभर सांगत फिरली होती. "ती डावी रेघ," तिने विचारलं, "ती वर का घेतेस?"

"तुम्ही घेता म्हणून," ऋतुजा म्हणाली. "का घेता ते नाय कळलं मला. पण ती वर गेल्याशिवाय तुमचे डोळे वाटत नाय."

हौसाला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. कसं असणार? तीस वर्षांत तिने आखलेले हजारो डोळे विसर्जनाला पाण्यात गेले. एक मूर्ती राहिली नाही, जिच्यासमोर उभं राहून म्हणावं की हे माझं. राहिला होता तो हात, एकोणीस व्हिडिओंत, एका कुलपाच्या आत. आणि ती इतके दिवस जिच्यावर जळत होती, ती तिचीच आखणी होती.

पडवीत जाऊन तिने शेजारच्या मुलीच्या मोबाइलवरून पावतीवरचा दुकानाचा नंबर लावला. "आदेश, पुसलेलं परत येतं का रे? काय पण करून?"

"नाय मावशी," आदेश म्हणाला. "म्हणून तर दोनदा इचारलं तुम्हाला."

ती आत आली. खोटं बोलून निभावलं असतं. पिनचं खोटं सगळ्यांनी गिळलं होतं. पण तिच्याने राहवेना. "पिनने नाय गेलं," ती म्हणाली. "मी पुसायला लावलं. मला बघायला मिळंना, म्हणून तुलापण नको, असं वाटलं."

ऋतुजा उठली आणि घरात निघून गेली. पुढचा सगळा दिवस ती सासूच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. भाकरी वाढली ती ताट सरकवून.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमळाकरची मूर्ती आखायची होती. ऋतुजा पाटावर बसली, ब्रश रंगात बुडवला आणि तशीच बसून राहिली. मोबाइल बाजूला पडला होता, रिकामा. हौसा दारात आली. सवयीने दार लावायला गेलेला हात तिने मागे घेतला आणि दार सताड उघडं ठेवलं. सुनेच्या मागे, जमिनीवरच, गुडघे मुडपून बसली.

"मी आखू काय?" तिने विचारलं, आणि ऋतुजाने ब्रश पुढे केला. हौसाने तो धरला, मूर्तीच्या पापणीजवळ नेला. टोक टेकण्याआधीच हलायला लागलं. क्षणभर तिने जोर लावून बघितला. मग ब्रश परत दिला. आतून अजून जळतच होतं. दोन दिवसांत विझण्याइतकी ती आग लहान नव्हती.

ऋतुजाने श्वास रोखला. उजवा डोळा सरळ उतरला. मग डावा. रेघ बाहेरच्या कोपऱ्याशी आली आणि ऋतुजाचा हात थबकला, आता वर न्यावी की सरळ सोडावी.

"वर घे," हौसा म्हणाली.

ऋतुजाने घेतली.

"आणखी थोडी घे गो," हौसा म्हणाली. "माझी एवढीशी नाय जायची."