रुपेरीबाबांची डावी पादुका

लालबागच्या आमच्या चाळीचं अंगण गच्च भरलं होतं. रुपेरीबाबांनी काळाकुट्ट झालेला चांदीचा कप कढत तीर्थात बुडवला, डोळे मिटून मंत्र पुटपुटले आणि वर काढला तो पांढराशुभ्र. बायकांनी हात जोडले.

"चांदी चंद्राची लेक," बाबा म्हणाले. "पापाची सावली पडली की काळवंडते. कप कुणाच्या घरी होता?"

सगळे बुधाजीकडे वळले.

हा कप रस्सीखेचीचा. फार वर्षांपूर्वी गिरणीच्या साहेबानं चाळीच्या संघाला दिलेला. तेव्हा दोराच्या शेवटी, कमरेला वेढा घेऊन, बुधाजीचा बाप उभा होता. आता तिथं बुधाजी असतो. कप दरवर्षी एकेका गड्याच्या घरी राहतो. यंदा पाळी बुधाजीची. मागल्या वर्षी त्यानं बौद्ध धम्म घेतला, देव्हारा काढला, आणि यंदा कप काळा पडला. बाबांना आणखी काय हवं?

"कप आमच्या शीवच्या मठात ठेवा. आणि ह्याला संघातून काढा."

शिवा, संघाचा कप्तान, खाली बघत म्हणाला, "राग धरू नको बुधाजी. लोक ऐकत नाय."

"संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठी चुकवायला माझ्यामागं लपलास," बुधाजी म्हणाला, "तेव्हा माझी सावली चालली रे तुला."

चाळीतला मास्तर मी. चौकशी केल्याशिवाय चैन पडत नाही. बुधाजीच्या बायकोला विचारलं, "सुंदराबाई, कपात काही ठेवत होता?"

"संघाचा खुराक, मास्तर. उकडलेली अंडी. सोलून कपातच ठेवायचे, तेवढाच मान. हे शिवाभावजी सगळ्यांच्या आधी हात घालायचे."

शिवा खोकला.

मी बाबांपुढे वाकलो. "आपल्या चांदीच्या पादुकांपैकी एक आजचा दिवस पूजेला मिळेल का?"

बाबांनी मोठ्या मनानं डावी दिली.

दुसऱ्या सकाळी सगळ्यांसमोर मी पादुकेवरचं फडकं उचललं. पादुका काळी.

"अगो बाई," शिवाची बायको मालन म्हणाली, "बाबांच्या डाव्या पायानं काय पाप केलं?"

"कुणी विटाळली माझी पादुका?" बाबा गरजले.

"मी. नैवेद्य दाखवला, गरम अंड्याच्या बलकाचा. अंड्यात गंधक असतं. ते चांदीला भेटलं की चांदी काळी पडते. बुधाजीच्या घरी पडते, तशी तुमच्या पायातही."

मग मालननं आपलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं. त्यात कढत पाणी, धुण्याचा सोडा, आणि तळाला टेकून पादुका. सोड्याच्या पाण्यात गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमला धरतं. बाबांचं तीर्थाचं भांडंही जर्मनचंच होतं, आणि तीर्थ म्हणजे असंच सोड्याचं पाणी. वर झेंडू पसरला होता, म्हणून बूड कुणी पाहिलं नाही.

मंत्र काही मला येत नव्हता. मालननं त्याऐवजी शिवाला शिव्या घातल्या. तरी पादुका पांढरी झाली.

बाबा ती ओलीच पायात घालून गेले. कप शिवानं स्वतः डोक्यावरून बुधाजीच्या खोलीत पोचवला. दारात म्हणाला, "चुकलंच रे माझं." बुधाजीनं त्याला आत ओढलं. अंडी आता चिनी मातीच्या बशीत असतात.

पोरं विचारतात, मास्तर, चमत्कार ओळखायचा कसा? मी सांगतो, भांडं काळं पडलं तर घरधन्याचा धर्म विचारू नका. काल त्यात काय ठेवलं होतं, ते विचारा.