टरफलं दाखवा

हडपसरच्या गेनबाचं चुलाण थंड पडून अठरा वर्षं झाली होती, पण गुऱ्हाळाच्या शेडची किल्ली अजून त्याच्या करगोट्यालाच होती. आंघोळीलाही तो ती सोडत नसे. भोवतीची उसाची रानं गेली, इमारती उठल्या, पत्र्याची शेड तेवढी राहिली. आता ती त्याची नात शालू मागत होती. तिला तिथं चॉकलेट करायचं होतं, साखरेऐवजी गूळ घालून. भागीदार होता विश्रांतवाडीचा श्रीधर. तो म्हणे केरळातून कोकोच्या बिया आणतो, भाजतो, दळतो आणि घरीच चॉकलेट करतो.

“म्हणे” या शब्दावर गेनबा अडून बसला होता. तो एकदा पोळलेला माणूस. गुऱ्हाळात मेहुणा मच्छिंद्र भागीदार होता. तो मागच्या दाराने साखरेची पोती आणून उसाच्या रसात ओतायचा. ढेप पिवळीधमक दिसायची. एके दिवशी बाजारात एका अडत्याने गेनबाच्या नावाची ढेप सगळ्यांदेखत फोडली, चाखली आणि थुंकली. त्या दिवशी चुलाण विझलं ते विझलंच. घरातला माणूस साखर गूळ म्हणून विकतो, तर हा श्रीधर कोण लागून गेला?

शेवटी त्याने अट घातली. पुण्यात चॉकलेट करणारे जे कोण असतील ते आधी दाखव, मी जिभेनं आणि डोळ्यांनी बघतो, मग किल्लीचं बोलू. रविवारी सकाळी शालूने स्कूटर काढली. वाटेत त्याने एकच विचारलं, बियांची टरफलं निघतात का? निघतात, शालू म्हणाली. मग ती जातात कुठं? ते तिने श्रीधरला कधी विचारलं नव्हतं. गेनबाने मान हलवली. ऊस गाळला की चिपाडाचा ढीग पडतो, तो लपवता येत नाही. जिथं ढीग नाही तिथं लबाडी आहे, एवढं त्याचं शास्त्र.

पहिल्या कोथरूडच्या मंदाकिनीबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या टेबलावर फुलांच्या आणि मोदकांच्या आकाराची चॉकलेटं मांडलेली होती. गेनबाने एक चाखलं. गोड होतं, पण टाळूला मेणासारखं चिकटलं. हात धुण्याच्या निमित्ताने तो मागे गेला, तर तिथं कारखान्यातल्या चॉकलेटच्या लाद्यांची रिकामी खोकी. बाईंनी त्याला तिथंच गाठलं. आपण लाद्या आणून वितळवतो आणि साच्यात ओततो, हे त्यांनी न विचारताच सांगितलं. गेनबा बाहेर पडताना पुटपुटला की इतक्या चटकन खरं बोलणारी बाई आणखी काहीतरी लपवत असणार.

दुसरा बुधवार पेठेतला यज्ञेश्वर. पुस्तकांच्या दुकानांमागच्या बोळात त्याची खोली होती आणि दारातच काचेआड टरफलांनी भरलेलं पोतं. गेनबाला आत हात घालायचा होता.

“बघायला पैसे नाहीत,” यज्ञेश्वर वर न बघता म्हणाला. “हात लावायचा असेल तर आधी वडी घ्या.”

गेनबाने वडी घेतली. कडू पण चांगली होती. मग मूठभर टरफलं नाकाशी धरली. वास नव्हता, आणि पोत्याच्या काठाला कोळिष्टक होतं.

“वर्साची शिळी हायत,” तो बाहेर येऊन शालूला म्हणाला. “देखाव्याला ठेवल्यात.”

शालूने स्कूटर चालू केली. आता श्रीधरच उरला होता.

श्रीधरचं घर आळंदी रस्त्याच्या आतल्या अंगाला, तळमजल्यावर. तीन दिवस दळलेलं चॉकलेट त्याने नुकतंच पातेल्यात काढलं होतं, उद्या एका लग्नाच्या घरी द्यायचं म्हणून. ते काळंभोर आणि चकचकीत होतं. पण गेनबाची नजर मागच्या अंगणावर गेली. अंगण आरशासारखं झाडलेलं. एक टरफल नाही. त्याने करगोट्यावरून हात फिरवला.

बियांची पोती माळ्यावर होती. गुडघ्यामुळे गेनबा खालीच थांबला, शालू आणि श्रीधर वर गेले. आता तो आणि पातेलं. गुऱ्हाळात खऱ्याखोट्याचा निवाडा तो एकाच रीतीने करायचा. हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवायचा, म्हणजे भाजत नाही, उकळता पाक बोटांवर घ्यायचा आणि पाण्यात त्याची गोळी वळायची. खरा पाक असेल तर गोळी घट्ट होते आणि ताटलीवर टण्णकन वाजते. त्याने वाडग्यात पाणी घेतलं, हात भिजवला आणि पातेल्यात घातला. गोळी वळेना. परत भिजवला. परत. चौथ्यांदा बोटं आत रुतली. पातेल्यातली चकाकी गेली होती, आणि चॉकलेट ओल्या चिखलासारखं गोळा होऊन बसलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. श्रीधरने पातेलं पाहिलं आणि तो स्टुलावर बसला. त्याने एक ढेकूळ चिमटीत धरून चुरलं.

“पाणी लागलं,” तो हळूच म्हणाला.

शालूने आजोबांचा निथळणारा हात पाहिला.

“आबा, मुद्दाम केलं ना? शेड द्यायची नव्हती तर तसं सांगायचं.”

आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या गेनबाला तो स्वतःवर येताना कसा लागतो ते आज कळलं. त्याने वाडगं पुढे सरकवलं. तळाशी तीन-चार अर्धवट वळलेल्या गोळ्या होत्या.

“चाचणी घेत व्हतो,” तो म्हणाला. “गुळाची घेतात तशी.”

श्रीधरने वाडगं उजेडात धरलं. गुळाची चाचणी कशी घेतात ते त्याने विचारून घेतलं, चिपाडाच्या ढिगापासून टण्णकन वाजण्यापर्यंत. मग म्हणाला की चॉकलेटला एवढं पाणीच वैरी, चूक माझी, पातेलं झाकायला हवं होतं. आणि तो उठून परत बिया भाजायला लागला. गेनबा बघत राहिला. लाद्या वितळवणाऱ्याने नवं खोकं उघडलं असतं. हा माणूस लग्नाच्या घरी फोन करून तीन दिवस मागत होता, आणि त्याचा चेहरा काहिलीतला रस करपल्यावर गूळ रांधणाऱ्या गुळव्याचा होतो तसा झाला होता.

तरी गेनबाने विचारलंच. “टरफलं कुठं हायत?”

शेजारचा रोपवाटिकेवाला रोज सकाळी नेतो, गुलाबांच्या मुळाशी घालतो, श्रीधर म्हणाला. शालूने कपाळावर हात मारला, कारण आजोबा लंगडत बाहेर पडले होते. रोपवाटिकेत गेनबाने चार कुंड्या उकरल्या. वरचा थर तपकिरी, ताजा, भाजलेल्या वासाचा. पाचवी कुंडीही उकरली.

परत आल्यावर गेनबा उंबऱ्यातच उभा राहिला.

“शेडमधी टरफलं म्होरल्या दारात टाकायची. माझ्या खाटेसमोर. मी रोज बघनार.”

“चालेल,” श्रीधर बिया हलवत म्हणाला. “पण गूळ तुम्ही आणणार असाल, तर मीही रोज विचारणार. चिपाड कुठंय?”

गेनबाने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग करगोट्याची गाठ सोडायला लागला. अठरा वर्षांची गाठ होती, शालूला दातांनी सोडवावी लागली.