यात काय घातलंय?

माझं खोटं आजवर एकदाच पकडलं गेलं, आणि तेही आठ वर्षांच्या पोरीनं, टोमॅटो सूपच्या वाटीवरून.

आधी या माझ्या पोरीबद्दल सांगते. तिला घरात सगळे ठकी म्हणतात, ते दिसायला बाहुलीसारखी आहे म्हणून. वागायला मुळीच नाही. वर्षभरात तिचा डावा हात दोनदा मोडला. पहिल्यांदा सायकलवरून पडली, तेव्हा कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा नुसती पायपुसण्याला अडखळली आणि हात पुन्हा प्लॅस्टरमध्ये गेला. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, बाळ, तू खातेस तरी काय? तिनं खरं ते सांगितलं. बटाटा, पाव, केळं, टोमॅटोचं सूप. दूध? वास येतो. दही? हलतं. चीज? दुधाचंच ना ते. मासे, मटण? यावर तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी प्राणी खात नाही," ती म्हणाली. "पाच वर्षांची होते तेव्हाच ठरलंय ते."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरात बाकी सगळे सगळं खातात. एके दिवशी तिनं ताटाकडे बघून "हा कुणाचा पाय आहे?" असं विचारलं. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, विचारलं त्याचं सरळ उत्तर द्यायची त्याला सवय आहे. तो म्हणाला, "कोंबडीचा." त्या दिवसापासून विषय बंद.

डॉक्टर म्हणाले, रोज साधारण हजार मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं, आत्ता तीनशेसुद्धा जात नाही. त्यांनी चघळायची गोळी तिथंच देऊन पाहिली. ठकीनं ती तिथंच, त्यांच्या टेबलावर परत केली. मग म्हणाले, सहा आठवडे जेवणातूनच प्रयत्न करा, रोज काय खाल्लं ते लिहून आणा.

घरी ताई वाटच बघत होत्या. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्या मुख्य आचारी आहेत, रोज दोनशे पोरांना जेवू घालतात.

"पोरांना विचारायचं नसतं, वाढायचं असतं," ताई म्हणाल्या. "हाडं रात्रभर उकळून त्याचं पाणी गाळायचं आणि डाळीत घालायचं. तिला कळणारसुद्धा नाही."

"माझ्या घरात हे चालणार नाही," मी म्हटलं.

"मग सहा आठवडे तुझे. तोवर जमलं नाही, तर शाळेतून ती माझ्याकडे जेवायला येईल. मी बघते कशी खात नाही ते."

नवऱ्यानं मान डोलावली. मला दोघांचाही राग आला. ताईंचा जास्त, कारण त्यांची माया खरी होती आणि तिच्याशी भांडता येत नव्हतं. पण माझ्या पोरीला तिनं सोडलेली गोष्ट फसवून खायला घालणार? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

आणि मग मी काय केलं? मीही तिला फसवलं. फक्त हाडांऐवजी दुधाची पावडर घेतली.

मी रंगाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक भिंतीचा सोललेला पोपडा घेऊन येतं आणि म्हणतं, असाच पाहिजे. मशीन जवळपासचा रंग काढून देतं. पुढचं काम माझं. एक थेंब काळा, अर्धा थेंब पिवळा, की जुना पट्टा कुठं संपला आणि नवा कुठं सुरू झाला ते भिंतीच्या मालकालाही सांगता येत नाही. वीस वर्षं मी हेच करतेय, आणि मला त्याचा माज आहे. तेव्हा सूपमध्ये दोन चमचे पावडर मिसळणं माझ्यासाठी काय अवघड? पावडरीनं रंग फिकट झाला, तर मी बिटाचा रस घालून तो जागेवर आणला. चार दिवस ठकीनं वाटी चाटूनपुसून खाल्ली. मी मनातल्या मनात ताईंना वाकुल्या दाखवल्या.

पाचव्या दिवशी ती वाटी घेऊन उठली आणि खिडकीपाशी गेली.

"आई, हा रंग लाल नाहीये. गुलाबी करून मग लाल केलाय."

मी गारच पडले. ही पोरगी शाळा सुटल्यावर रोज माझ्या काउंटरमागे बसून मोठी झाली होती. रंग बघायचा तर दारात उजेडाला नेऊन बघायचा, हे तिला मीच शिकवलं होतं. दुनियेत कुणालाही फसवता आलं असतं, आणि मी निवडलं कुणाला तर हिला.

"यात काय घातलंय?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. तेच ते खोटं.

तिनं वाटी ओट्यावर ठेवली. त्या दिवसापासून ती जे अख्खं दिसेल तेवढंच खायची. सालासकट उकडलेला बटाटा, न सोललेलं केळं, टरफलातले शेंगदाणे. मी दिलेला पावसुद्धा तिनं मधोमध फाडून तपासला आणि तसाच परत ठेवला. तीन दिवस असे गेले. आधी तिला हाडांसाठी खाऊ घालायचं होतं, आता नुसतं खाऊ घालायचीच मारामार झाली. मला लाज वाटत होती आणि ती लपवायला मी सगळ्यांवर खेकसत होते. शेवटी नवराच म्हणाला, "ताईत आणि तुझ्यात फरक काय राहिला?" त्याला मी काहीबाही ऐकवलं, पण तो बरोबर बोलला होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी ठकीच्या खाटेवर जाऊन बसले. म्हटलं, "मी दुधाची पावडर घातली होती. विचारलंस तेव्हा खोटंही बोलले. चुकलं माझं."

ती प्लॅस्टरवरचं चित्र खरवडू लागली. "परत घालणार?"

"सांगितल्याशिवाय नाही घालणार."

"मग मी ओट्यावर बसणार. सगळं बघणार. आणि नको म्हटलं की नको."

"कबूल."

त्यानंतरचे दिवस सोपे गेले असं कुणी समजू नये. ती ओट्यावर पाय हलवत बसायची आणि प्रत्येक डबा हुंगायची. अंजीर नको, त्यातल्या बिया दातांत बोलतात. पालक नको, आणि तो मी सोडलाही, कारण त्यातलं कॅल्शियम अंगी फारसं लागतच नाही असं डॉक्टर म्हणाले होते. बदाम चालले, पण मोजून आठ. तिळाचं वाटण पावावर चाललं. पांढरे घेवडे कुस्करून, लिंबू पिळून चालले. टोफूचे तुकडे चालले, पण कडा करकरीत हव्यात आणि आकार त्रिकोणीच हवा. चौकोनी केले त्या दिवशी उपास! डॉक्टरांनी सुचवलेलं कॅल्शियम घातलेलं सोया दूध मात्र तिनं लांबूनच हुंगलं आणि म्हणाली, "कधीच नाही." मी बाटली फ्रिजमध्ये ठेवून दिली. आठवडा संपला की खाल्ल्याची वही उघडून रोजचे मिलिग्रॅम मोजायचे. पाचशे. साडेपाचशे. पाचव्या आठवड्यात साडेसहाशेवर आम्ही येऊन अडकलो ते अडकलोच.

डॉक्टरांकडे जायला तीन दिवस उरले असताना ताई पातेलं घेऊन आल्या.

"भाज्यांचं सूप आणलंय," त्यांनी ठकीला सांगितलं. "गाजर, कोबी, बटाटा."

रंगसुद्धा गाजराचाच होता. ठकीनं वाटी उजेडाला नेली, फिरवली, परत आणली. तिला काही सापडलं नाही. शेवटी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, यात काय घातलंय?"

ताईंनी तिच्या डोक्यावरून मला डोळा मारला. मी एक चमचा तोंडात घातला आणि जिभेला लगेच कळलं. वहीतला साडेसहाशेचा आकडा डोळ्यांसमोर आला. नुसतं "भाज्या" म्हटलं असतं तर ती प्यायली असती. ताई खूश, नवरा खूश, घरात शांतता. पोरगी एवढ्याशा तोंडानं माझ्याकडे बघत होती.

"हाडं," मी म्हणाले. "गाजर आहे, कोबी आहे, आणि हाडांचं पाणी आहे."

"अगं, वेड लागलं का तुला?" ताई कडाडल्या. "तिच्या भल्यासाठीच करतेय ना मी? मोडू दे मग तिचे हात! सगळे मोडू देत!"

"मोडले तर मी बांधीन," मी म्हणाले. "तुमची माया मला कळते, ताई. पण माझी पोर माझ्या शब्दावर घास घेते. तो शब्द मी एकदा मोडलाय, आता तुमच्यासाठी पुन्हा मोडणार नाही. आणि तीन दिवसांनी डॉक्टर काहीही म्हणोत, ती तुमच्याकडे जेवायला येणार नाही. तुम्ही, तुमचा भाऊ, सगळे मिळून सांगा, तरी नाही."

मी वाटीतलं सूप पातेल्यात ओतलं, झाकण लावलं आणि पातेलं ताईंच्या हातात दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाईट वाटलं, पण मी हात मागे घेतला नाही.

ठकी फ्रिजकडे गेली. एका हातानं तिनं ती बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. "यात?"

"सोयाबीन, पाणी, थोडी साखर, वरून घातलेलं कॅल्शियम, पेल्याला तीनशे मिलिग्रॅम," मी म्हणाले. "आणि चव घाण आहे. मी प्यायलेय."

"ओत."

मी पेला भरला. तिनं नाक चिमटीत धरलं आणि आत्याकडे बघत पहिला घोट घेतला. तिला उमासा आला, डोळे भरून आले. अर्धा पेला झाल्यावर तिनं नाक सोडलं.

"खरंच घाण आहे," ती म्हणाली, आणि उरलेलं पिऊन टाकलं.