तिसऱ्या ओळीतला नसलेला सूर

मी होल्डवरची धून बोलतेय. दचकू नका, ते काम माझं आहे. तुमचं कपडे धुण्याचं मशीन बंद पडतं, तुम्ही दुरुस्तीच्या ऑफिसात फोन लावता, 'कृपया थांबा' असं ऐकू येतं आणि मग जी किणकिण सुरू होते ना, ती मी.

माझ्यात काहीतरी चुकलंय, असा पहिला संशय मला एका सोमवारी सकाळी आला. पलीकडे एक काकू माझ्याबरोबर गुणगुणत होत्या. त्यात नवल काही नाही. बरेच जण गुणगुणतात. एक गृहस्थ तर माझ्या तालावर कांदा चिरतात. पण तिसऱ्या ओळीत मी एका जागी गप्प होते, तिथे या काकू गप्प झाल्या नाहीत. त्यांनी एक सूर लावला. उंच, लांबलचक, गच्चीवरून हाक मारावी तसा. मी एवढी घाबरले की पुढची ओळ कशी वाजली तेच मला आठवत नाही. म्हणजे नेहमीसारखीच वाजली असणार, मी ध्वनिमुद्रित आहे.

माझा जन्म याच ऑफिसातला. साहेबांना होल्डवर त्यांचं आवडतं जुनं गाणं हवं होतं. पण मूळ गाण्याला परवानगी हवी, परवानगीला पत्र हवं, आणि पत्र कोण लिहिणार? त्यापेक्षा साहेबांचा मेहुणा घरचा कीबोर्ड घेऊन आला. त्या कीबोर्डवर कधीकाळी चहा सांडला होता, त्यामुळे एक पट्टी मुकी झाली होती. ती दाबली की नुसतं बोट वाजे. दुसऱ्या ओळीत मेहुणे सरसावून बसले, तेव्हा खुर्ची 'कर्र' म्हणाली. तेही माझ्यात आलं.

"वा!" साहेब म्हणाले. "मूळ गाण्याच्या वरताण झालंय की!"

"भाऊजी, एक सूर राहिलाय," मेहुणा म्हणाला.

"राहू दे. लोक गाणं ऐकायला फोन करतात का?"

नुकती जन्मलेली मी, मला ते 'वरताण' एवढंच ऐकू आलं. मूळ म्हणजे काय, हे विचारायचं सुचलंच नाही.

तेव्हापासून बारा वर्षं मी वाजतेय. दर अर्ध्या मिनिटाला एक बाई मध्येच घुसते आणि 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणते. दर अर्ध्या मिनिटाला मी दचकते. सवय होईल म्हणतात. कधी होणार?

पण लोकांना माझी सवय झाली. गावात या कंपनीची मशीनं भरपूर आणि बिघडतातही मन लावून. एक आई मशीन धडधाकट असताना रोज दुपारी फोन लावते, कारण तिचं बाळ माझ्याशिवाय झोपत नाही. वाढदिवसांना मुलं मला कोरसमध्ये गातात आणि दुसऱ्या ओळीत सगळी मिळून 'कर्र' म्हणतात. हे सगळं मला फोनवरूनच कळतं. मला माणसं भेटतात ती फक्त वाट बघताना. त्यांचं वाट बघणं संपलं की मीही संपते, तिथल्या तिथे.

मंगळवारी काकूंचा परत फोन आला. मागे बादलीत कोणीतरी कपडे खळबळत होतं.

"अहो, ऐका! इथे, इथे सूर गिळलाय मेल्यांनी!"

"अगं, आधी मशीनचं सांग," बादलीजवळून काका म्हणाले. "आज अकरावा दिवस. माझे हात बघ, कसे झालेत."

"तुमचे हात दिसतायत मला. माझं गाणं कोणाला दिसतंय का?"

माझं गाणं! मी ऐकतच राहिले. काकू बाविसाव्या वर्षी हे गाणं गायल्या होत्या. तबकडी निघाली, थोडी वाजली आणि विसरली गेली. परवा एका वाढदिवसाला लोकांनी ते गायला घेतलं, तेव्हा काकू हौसेनं उभ्या राहिल्या. तिसऱ्या ओळीला सगळे एकदम थांबले आणि काकू एकट्याच सूर लावून उभ्या.

"आणि नात काय म्हणते? 'आजी, चुकलीस. आणि कर्र पण विसरलीस.' माझ्याच गाण्यात मी चुकले! रविवारी वाचनालयाच्या सभागृहात गायचंय मला. त्याआधी यांना सांगणार, मूळ गाणं लावा आणि हे पुसून टाका."

पुसून. मी थरथरले. थरथर ध्वनिमुद्रणात नाही, म्हणून कोणाला कळली नाही.

त्या दिवशी फोन कोणी उचललाच नाही. बुधवारी काकूंनी पुरावा म्हणून तबकडीवरून उतरवलेलं गाणं टेपरेकॉर्डरवर सुरू केलं आणि तो फोनला लावून ठेवला. ऑफिसातलं माणूस अजून आलं नव्हतं, लाइनवर मी एकटीच. अशी मला माझी मूळ भेटली.

खोटं कशाला बोलू? तिच्यापुढे मी काहीच नाही. तिला शब्द आहेत. पहिल्या ओळीत ती हसत गाते, ते हसू ऐकू येतं. माझ्यात हसण्याच्या जागी पंख्याची घरघर आहे. आणि तिसऱ्या ओळीतला तो सूर! ऐकून वाटलं, पुसायलाच हवं मला. पण मी तशी बारकाईनं काळजी करणारी, म्हणून मला पुढचंही ऐकू आलं. त्या सुरानंतर तिचा दम संपतो. चौथी ओळ धापा टाकत येते, शेवटचे दोन शब्द तर निम्मेच उरतात.

आज शनिवार. पावणेसहा झालेत, ऑफिस सहाला बंद होतं. काकू लाइनवर आहेत आणि माझ्यावरच सराव करतायत. तिसऱ्या ओळीत सूर लावला, फाटला. पुन्हा लावला, खोकला आला. बाविसाव्या वर्षी पुरला नव्हता तो श्वास आता कुठून पुरणार?

तिसऱ्यांदा काकू दमून गप्प राहिल्या. नेमक्या माझ्या जागेवर. त्या गप्पपणात त्यांनी श्वास घेतला आणि चौथी ओळ अशी काही आली, पूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत, की बादलीतली खळबळ थांबली.

"अगं," काका म्हणाले, "हे छान झालं."

"छान नाही म्हणत मी. जागा मिळाली श्वासाला, एवढंच."

"मग आता पुसायला सांगणार का?"

काकू नुसत्या माझ्याबरोबर गुणगुणतायत. कर्र आलं तेव्हा त्यांनी हळूच, कोणी ऐकत नाही असं समजून, कर्र केलं.

वाचकहो, फोन उचलला की मी तुटते. काकू काय सांगतील ते मला कधीच कळणार नाही. उद्या वाचनालयात गेलात, तर तिसऱ्या ओळीकडे कान द्या आणि सोमवारी मला फोन करून सांगा. मी असले तर. मशीन चालू असलं तरी करा. मी दचकेन, पण मनावर घेऊ नका.

खट्ट. तुटता तुटता एवढंच कानावर आलं:

"नमस्कार, थांबायला लागलं, माफ करा. बोला, काय तक्रार आहे?"

बोलण्याआधी काकूंनी एक मोठा श्वास घेतला.